मामाचं झाड आजारी आहे

झाडाला रोग लागला की आपण एक तर फवारणी करतो, नाहीतर कुऱ्हाड काढतो. जंगल यातलं काहीच करत नाही, आणि तरी हजारो वर्षं टिकतं. सुदुंबऱ्यातल्या एका पोकळ आंब्याच्या निमित्ताने समजलेला जंगलाचा हा हेल्थ फंडा.

शुक्रवारची संध्याकाळ. रिलीज नुकतंच लाइव्ह गेलेलं, हिंजवडीतली आमची अख्खी टीम पार्टीच्या मूडमध्ये, आणि माझ्या मोबाइलवर मामाचा फोन. मामा तीनच कारणांसाठी फोन करतो. लग्न, यात्रा आणि आंबे.

‘‘रविवारी येते का? आंबा पाडतोय.’’

मे संपत आलेला. मी खूश. ‘‘पाड लागला वाटतं! पेटी भरून ठेव माझ्यासाठी.’’

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग मामा म्हणाला, ‘‘आंबे नाही गं. आंबाच पाडतोय. आतनं पार पोकळ झालाय. सोमवारी वखारवाला येणारे.’’

पार्टीतलं पनीर टिक्का त्या दिवशी घशाखाली उतरलं नाही, हे खरं सांगते.

सुदुंबरे माझं आजोळ. तळेगावहून चाकणकडे जाताना इंदोरी मागे पडलं की लागतं. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी इथे आहे, समोर भंडारा डोंगर आहे आणि मधल्या रस्त्यावर चाकणच्या कंपन्यांचे कंटेनर रांगेत उभे असतात. अशा या गावात, मामाच्या शेताच्या बांधावर, माझ्या पणजोबांनी लावलेला रायवळ आंबा. आम्ही त्याला शेप्या म्हणतो, कारण फळाला शेपूचा वास येतो. सगळ्या भावंडांच्या सुट्ट्या त्याच्याखाली गेल्या. माझ्या डाव्या गुडघ्यावरची खूण त्याचीच.

पण मामाची बाजूही ऐकाच. वळवाच्या एका वादळात शेप्याची मांडीएवढी फांदी गोठ्याच्या पत्र्यावर कोसळली होती. वासरू दोन हातांवर बांधलेलं. मामी त्याच्याआधी पाचच मिनिटं धार काढून घरात गेली होती. शिवाय बुंध्याला फळीसारखी अळंबी फुटलेली, वर तीन-चार ठिकाणी बांडगूळ, आणि खोडात माझा हात खांद्यापर्यंत जाईल एवढं भोक. ‘‘माणूस असता तर आपणच म्हणालो असतो, सुटला बिचारा,’’ इति मामा.

रविवारी मी एकटी गेले नाही. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. वय सत्तरीपार, आणि चढावर आम्हा तिशीतल्यांना मागे टाकतात. त्यांना म्हटलं, सर, पेशंट बघायला चला. सर लाकडी हातोडा घेऊन गाडीत बसले.

आजार की सवय?

सरांनी आधी अळंबीकडे पाहिलंच नाही. ते झाडाभोवती फिरत हातोड्याने ठोकत राहिले. भरीव लाकूड ‘ठक्’ वाजतं, पोकळ ‘ढब्’. मग मुळांशी बसून माती उकरली, मुळं दाबून पाहिली, जमिनीला कुठे भेग आहे का ते पाहिलं. मामा आणि वासरू दोघंही सारख्याच चेहऱ्याने बघत होते.

झाडाच्या खोडातला मधला भाग, म्हणजे गाभ्याचं लाकूड, मुळातच जिवंत नसतं. जिवंत कारभार चालतो तो सालीखालच्या बाहेरच्या थरात. पाणी तिथून वर जातं, नवी वाढ तिथे होते. गाभा कुजवणाऱ्या बुरश्या या मेलेल्या भागावर जगतात. त्यामुळे आतून रिकामं झालेलं झाड पुढे पन्नास-शंभर वर्षंही फळत राहू शकतं. पाईप आठवा. पोकळ असतो म्हणून तो लगेच वाकत नाही.

अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने करवतीने हजारो झाडं उभी चिरून हे आतलं जग पाहिलं. त्याच्या आधी समज असा होता की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येते. शिगोने १९७० च्या दशकात दाखवलं की झाड जखम भरत नाही, ते तिच्याभोवती भिंती घालतं. कुजका भाग आत कोंडायचा आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जायचं. म्हणजे आपला शेप्या पणजोबांच्या काळापासून कसली कसली दुखणी आत कोंडून उभा आहे. (आमच्या आजीचंही असंच होतं.)

सरांनी याहून भन्नाट गोष्ट सांगितली. डॅनियल जँझेन या परिस्थितीकी शास्त्रज्ञाने १९७६ साली एक प्रश्न विचारला होता. उष्ण प्रदेशातल्या इतक्या झाडांचे गाभे कुजलेले का असतात? त्याने सुचवलेलं उत्तर असं: पोकळीत वटवाघळं, पक्षी, उंदीर राहायला येतात, त्यांची विष्ठा आत साठते आणि झाडाला घरबसल्या खत मिळतं. असं असेल तर कुजणं हा झाडाचा तोटा नसून सौदा आहे. ही कल्पना सगळ्यांना पटलेली नाही, पण मामाला मात्र लगेच पटली. ‘‘शेणखत! ते बी आतल्या आत!’’

पोकळी म्हणजे रेडी पझेशन

तेवढ्यात त्या भोकातून एक डोकं बाहेर आलं. पिंगळा. त्याने आमच्याकडे ‘कोण तुम्ही’ अशा नजरेने पाहिलं आणि तो परत आत गेला.

पुण्या-पिंपरीत फ्लॅट शोधणाऱ्या कुणालाही कळेल अशी ही गोष्ट आहे. पिंगळा, पोपट, मैना, धनेश यांना स्वतःचं घर खोदता येत नाही. त्यांना तयार ढोली लागते. तांबट आणि सुतार खोदू शकतात, पण त्यांनाही बुरशीने मऊ केलेलं लाकूड सोपं पडतं. धनेशाचं तर सगळंच ढोलीवर. मादी आत जाऊन दार लिंपून घेते, फट तेवढी ठेवते आणि नर बाहेरून फळं भरवतो. पुणे शहरात राखी धनेश दिसतो ना, तो जुन्या, आतून पोखरलेल्या झाडांच्या जिवावर. निरोगी, सरळसोट, पंधरा वर्षांच्या झाडांची कितीही मोठी बाग लावा, धनेशासाठी ती नुसती गॅलरी. बेडरूम नाही.

धनेश मग काय करतो? जंगलातली मोठी फळं गिळतो आणि बिया लांब नेऊन टाकतो. म्हणजे बुरशीने ढोली केली, ढोलीत धनेश आला आणि धनेशाने उद्याची झाडं पेरली. आज एका खोडाला लागलेला रोग शंभर वर्षांनी त्या डोंगरावर कुठली झाडं असतील हे ठरवतो, ते असं.

पावसाळ्यात भीमाशंकरला रात्री जंगल चमकतं, त्याचे व्हिडिओ तुम्ही फॉरवर्ड केले असतीलच. ओल्या फांद्या-पानांवर हिरवट उजेड. तोही मायसेना कुळातल्या बुरशीचा, मेलेलं लाकूड पचवण्याच्या कामातून आलेला. आपण मोबाइल काढून ‘मॅजिकल’ म्हणतो, पण तिथे चाललेलं असतं ते जंगलाचं सफाई खातं. तीच बुरशी घरच्या झाडावर दिसली की आपण वखारवाल्याला बोलावतो.

बांडगुळाची बदनामी

बांडगूळ हा शब्द आपण झाडापेक्षा माणसांसाठीच जास्त वापरतो. आमच्या ऑफिसात निदान तीन तरी आहेत. शेतकऱ्याच्या लेखी बांडगूळ शत्रूच, कारण ते फांदीत मुळं घुसवून पाणी आणि क्षार ओढतं आणि पुढची फांदी वाळते. आमराईत ते बांधलेल्या जागेच्या खालून फांदीसकट काढावं, हा सल्ला रास्तच आहे.

पण वर बघितलं तर वेगळंच चाललेलं. त्याची चिकट फळं फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी खातो. बी पचत नाही, चिकट राहतं, म्हणून तो फांदीवर बूड घासून ते लावून टाकतो. नव्या बांडगुळाची लागवड झाली! आणि हळदीकुंकू हे पिवळं-लाल फुलपाखरू आपली अंडी घालतं ते बांडगुळाच्या पानांवरच. बांडगूळ नाही, तर अळ्यांना जेवण नाही.

ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन या शास्त्रज्ञाने तर प्रयोगच केला. काही रानांमधलं सगळं बांडगूळ काढून टाकलं आणि तीन वर्षांनी पक्षी मोजले. पक्ष्यांच्या जातींपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तिथून नाहीसा झाला होता. यात फळं खाणारेच नव्हते, जमिनीवर किडे टिपणारेही होते. कारण बांडगुळाची पानं झाडाच्या पानांपेक्षा सकस, ती सतत खाली गळतात आणि त्यांच्या पालापाचोळ्यावर किडे पोसले जातात. २०१२ साली हे निष्कर्ष छापून आले. तेव्हापासून परोपजीवी या शब्दाबद्दल माझं मत जरा मवाळ झालंय. ऑफिसातल्या तिघांबद्दल नाही.

आईच्या सावलीत पोर का मरतं?

पुढच्या शनिवारी सरांनी आम्हाला आंदर मावळातल्या एका छोट्या देवराईत नेलं. मामाही आला. सोमवारचा वखारवाला त्याने ‘बघू’ म्हणून आठवडाभर लांबवला होता. सरांचा मुद्दा असा होता, की एका झाडाकडे बघून रोग कळत नाही, रान बघावं लागतं.

देवराईतलं पडकं लाकूडही घरी न्यायचं नाही, देव कोपतो, हे मामाला सांगावं लागलं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास जगापुढे आणला, तेव्हा या नियमाचं मोल शहरातल्या लोकांना कळलं. रोगाने पडलेलं झाड जिथल्या तिथे राहतं. त्यावर अळंबी येते, भुंगेरे येतात, शेवाळ चढतं, त्याच्या कुशीत नवी रोपं उगवतात. छतात पडलेल्या खिडकीतून ऊन आत येतं आणि सावलीत वर्षानुवर्षं अडकलेलं एखादं रोप एकदम उंच जातं.

सर एका मोठ्या जांभळाखाली थांबले. खाली शेकडो बिया पडल्या असणार, पण जगलेली रोपं बोटांवर मोजण्याएवढी, आणि तीही आईपासून लांब. ‘‘मामा, मिरचीच्या वाफ्यात रोपं माना टाकतात ना?’’

‘‘मर. दाट पेरलं की हमखास,’’ मामा म्हणाला.

‘‘इथे तेच होतं.’’

मामाने वाक्य पूर्ण व्हायच्या आत मान हलवली. मला मात्र समजायला वेळ लागला. मोठ्या झाडाखालच्या मातीत त्याच जातीला खाणाऱ्या बुरश्या आणि किडी साठलेल्या असतात. त्यामुळे आईच्या सावलीत तिचंच रोप मरतं आणि रिकाम्या जागी दुसऱ्या जातीचं रोप तग धरतं. कुठलीही एक जात मोनोपॉली करू शकत नाही, कारण जितकी ती दाट होते, तितका तिचा रोग वाढतो. जँझेनने १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेलने १९७१ मध्ये हे स्वतंत्रपणे मांडलं. उष्ण प्रदेशातल्या रानांत झाडांच्या इतक्या जाती एकत्र कशा नांदतात, याचं एक मोठं कारण म्हणजे रोग.

हे तपासायचं कसं? औषध मारून! मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या जंगलात संशोधकांनी काही चौकटींवर बुरशीनाशक फवारलं. २०१४ साली निकाल आला. बुरशी हटवली तिथे रोपांची विविधता घटली. रोग बरा केला आणि जंगल गरीब झालं.

आता आपल्या घराजवळची गोष्ट, आणि मला हीच जास्त टोचली. कर्नाटकातल्या सह्याद्रीत, तुकड्या-तुकड्यांत उरलेल्या जंगलात, मेघना कृष्णदास आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रानाच्या आतल्या भागात फवारणीने विविधता कमी झाली. पण कडेला, जिथे ऊन-वारा शिरतो, तिथे फवारणीने फरकच पडला नाही. बुरश्या आणि किडी यांचं ते काम तिथे आधीच ढिलं पडलेलं होतं.

आम्ही उभे होतो ती देवराई चालत दहा मिनिटांत संपते. एका बाजूला नवा रस्ता, दुसऱ्या बाजूला ‘व्ह्यू प्लॉट’ असा बोर्ड. कडच नुसती, आत असं फारसं उरलंच नाही. कुऱ्हाड न लावताही एखादं रान हळूहळू एकसुरी होऊ शकतं, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मामा बराच वेळ त्या बोर्डाकडे बघत होता. त्यालाही शेतासाठी एजंटांचे फोन येतात.

घरचा रोग, बाहेरचा रोग

इथवर वाचून रोग म्हणजे भारीच चीज, असं वाटलं असेल तर थांबा. हे सगळं जुन्या ओळखीच्या रोगांबद्दल. झाड आणि बुरशी हजारो वर्षं एकमेकांसोबत वाढलेले असतात, भांडतात पण संपवत नाहीत. बाहेरून आलेला रोग असले संकेत पाळत नाही.

जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकन चेस्टनटचं. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात काही झाडांच्या सालीवर चट्टे दिसले. आशियातून आलेल्या रोपांबरोबर ती बुरशी आली होती. तिथल्या चेस्टनटला तिच्याशी लढायची सवयच नव्हती. पन्नासएक वर्षांत तीन ते चार अब्ज झाडं गेली. त्यांच्या जागी ओक आले, पण ओक दरवर्षी सारखं फळत नाही आणि चेस्टनट फळायचं. मग त्यावर जगणाऱ्या प्राण्यांची गणितं बदलली. गंमत म्हणजे मुळं अजून जिवंत आहेत. फुटवा येतो, जरा वाढतो, बुरशी त्याला गाठते. शंभर वर्षं हेच चाललंय.

आपल्याकडे पांगारा घ्या. शास्त्रीय काटेकोरपणे हा रोग नव्हे, कीड. एवढीशी गांधीलमाशी पांगाऱ्याच्या कोवळ्या पानात अंडी घालते आणि पानं-देठ गाठींनी वेडेवाकडे होतात. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं, २००५ मध्ये ती हवाईत पोचली आणि २००६ मध्ये केरळातून भारतातली नोंद छापली गेली. हवाईत शेवटी तिला खाणारी दुसरी गांधीलमाशी आफ्रिकेतून आणून २००८ मध्ये सोडावी लागली. पांगारा गेला तर काय जातं? फेब्रुवारी-मार्चमध्ये, रान वाळलेलं असताना, तो लालभडक फुलतो. मैना, कोतवाल, शिंजीर, बुलबुल सगळ्यांचा तो त्या दिवसांतला ज्यूस सेंटर. मामाच्या बांधावर माझ्या लहानपणी दोन पांगारे होते. दोन्ही पानांना गाठी येऊन गेले. तेव्हा आम्ही ‘हवा बदलली’ एवढंच म्हणालो.

कडुनिंबाचं दुखणं ताजं आहे. शेंडे जळल्यासारखे तपकिरी होणारा फोमॉप्सिस बुरशीचा रोग नव्वदच्या दशकात कर्नाटकात नोंदला गेला. २०२१ च्या सुमारास तेलंगणात कडुनिंब मोठ्या प्रमाणावर वाळलेले दिसले. बरीच झाडं नंतर पुन्हा फुटली, पण फुटणं म्हणजे बरं होणं नव्हे. आणि मुंबईकरांना २०१० नंतरच्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाने वाळलेले पर्जन्यवृक्ष आठवत असतील. रस्त्याकडेला एकाच जातीची रांग लावली की एकाला झालेलं सगळ्यांना होतं. मिरचीच्या वाफ्याचाच नियम. आपल्या सोसायट्या अजूनही एका फटक्यात पन्नास सारखी रोपं मागवतात, कारण ‘युनिफॉर्म दिसतं’.

मग शेप्याचं काय?

देवराईतून परतताना मामाने गाडीत पहिल्यांदा सरळ विचारलं, ‘‘सर, तुमचं सगळं मान्य. पण उद्या फांदी मामीच्या डोक्यात पडली तर पिंगळा येणारे का दवाखान्यात?’’

प्रश्न योग्यच होता. मीही इतका वेळ तो टाळतच होते. प्रत्येक आजारी झाड वाचवायचंच, हा हट्ट मला मान्य नाही. मुळं कुजली असतील, खोड कललं असेल, जमिनीला भेग पडली असेल आणि खाली रस्ता किंवा घर असेल, तर झाड जायला हवं. जाणकार एक ढोबळ हिशोब वापरतात. पोकळीभोवतीच्या भरीव लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश तरी हवी. शेप्याची त्याहून बरीच जास्त निघाली. मुळं घट्ट होती, अळंबी खोडाला होती, मुळांना नव्हती. धोका होता तो गोठ्याच्या बाजूला झुकलेल्या एकाच जड फांदीचा.

आणखी एक गोष्ट मामाला नव्याने कळली. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय पाडता येत नाही. वखारवाला ‘ते मी बघतो’ म्हणाला होता. म्हणजे काय बघतो, ते मामाने विचारलं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. रीतसर विचारून फक्त ती जड फांदी उतरवायची. गोठा पुढच्या उन्हाळ्यात पंधरा फूट पलीकडे न्यायचा. खर्च अर्धा माझा, हे मामीने माझ्याकडून वदवून घेतलं. बांडगूळ तीनपैकी दोन ठिकाणचं काढायचं, एक राहू द्यायचं. मामाला बांधावर केसरची सलग रांग लावायची होती. आता तिच्यात जांभूळ, बेहडा, करंज मिसळणार आहे. सगळी केसरच का नको, ते त्याने मामीला मिरचीच्या वाफ्याचा दाखला देऊन समजावलं, जणू ते त्याचं स्वतःचंच संशोधन.

फांदी पावसाआधी उतरली. अर्धं लाकूड मामीने चुलीसाठी नेलं. अर्ध्यावरून घरात दोन दिवस वाद झाला आणि ते बांधावरच पडून राहिलं.

ऑगस्टमध्ये मी एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये असताना मामाचा मेसेज आला. पडलेल्या फांदीचा फोटो. तिच्यावर पांढऱ्या छत्र्यांची रांग, शेजारी कसलं तरी दोन पानांचं रोप. खाली लिहिलं होतं, ‘तुझी कुत्र्याची छत्री उगवली. पोळ्याला ये. सरांना पण आण, हातोडा नको.’